प्रथिन पेशीबाहेर येत नाहीये: अडकलंय कुठे, ते कसं शोधायचं?

निवडुंग (धागाकर्ता)

जेलवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारा थर) लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावात, ठसठशीत बँड आणि माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात, काहीच नाही. स्रावी (पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या) प्रथिनांवर काम करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे डीएनए वाढवा, प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) आणखी जोरदार घ्या. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. पेशी प्रथिन बनवायला कमी पडत नसते, ते पुढे सोडायला अडलेली असते. मागून रेटा वाढवला की आतली कोंडी वाढते, बाहेर पडणारं प्रथिन तेवढंच राहतं किंवा घटतंसुद्धा. म्हणून आधी अडथळ्याची जागा शोधावी आणि मग उपाय ठरवावा. ती जागा कशी शोधायची यासाठी हा धागा.

रस्ता एकदा इन्सुलिनच्या उदाहरणानं मांडतो. सुरुवातीला बनतं ते प्रीप्रोइन्सुलिन, ११० अमिनो आम्लांचं. त्यातली पहिली २४ म्हणजे संकेत-पेप्टाइड. साधारणपणे असा संकेत रायबोसोममधून बाहेर डोकावला की एसआरपी नावाचा कण त्याला धरतो, भाषांतर मंदावतं आणि रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या सेक६१ या दारावर जाऊन बसतो. (ही पेशीतली प्रथिनांना घडी घालणारी जाळी; पुढे तिला ईआरच म्हणतो, प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात.) आत शिरताना संकेत कापला जातो आणि ८६ अमिनो आम्लांचं प्रोइन्सुलिन उरतं. ईआरमध्ये तीन डायसल्फाइड बंध जुळतात, घडी पडते. मग कॉप-टू आवरणाच्या ६० ते ८० नॅनोमीटरच्या पुटिकांतून गॉल्जी (प्रथिनं पक्की करून पुढे धाडणारा टप्पा), गॉल्जीतून स्रावकणिका. कणिकेत आम्लता वाढते, पीसी१/३ आणि पीसी२ ही एन्झाइमं मधला तुकडा कापतात, कार्बॉक्सिपेप्टिडेझ ई टोकं साफ करतं. उरतात २१ ची ए साखळी, ३० ची बी साखळी आणि वेगळं झालेलं ३१ चं सी-पेप्टाइड. इन्सुलिन जस्ताबरोबर सहा-सहाच्या गटात रचून ठेवलं जातं. रक्तात ग्लुकोज वाढलं की पेशीत कॅल्शियम शिरतं, कणिका पटलाला मिळते आणि माल बाहेर.

या प्रवासाला वेळ किती लागतो, हे १९६७ मध्ये जेमीसन आणि पॅलेड यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांवर दाखवलं. तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसीन दिलं, मग साधं. सुरुवातीला खूण खडबडीत ईआरवर, ७ मिनिटांनी गॉल्जीच्या कडेला, ३७ मिनिटांनी घट्ट होत चाललेल्या पुटिकांत आणि दोन तासांच्या आसपास पक्क्या कणिकांत. पॅलेडना १९७४ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. प्रत्येक प्रथिनाचा वेग मात्र वेगळा. हेपजी२ या यकृतपेशींत अल्ब्युमिन अर्ध्या-पाऊण तासात निघतं, त्याच पेशींत ट्रान्सफेरिनला दोन तासांच्या आसपास लागतात. सावकाश चालणं म्हणजे अडकणं नव्हे.

आता सगळ्यात पहिली तपासणी, जी जवळजवळ कोणी करत नाही: प्रथिन खरंच अडकलंय का?

सहा खाचांच्या प्लेटमध्ये एका खाचेत माध्यम २ मिली असतं आणि पेशी फोडतो आपण २०० मायक्रोलिटरमध्ये. जेलवर दोन्हींचे २० मायक्रोलिटर भरले तर लायसेटचा १० टक्के भाग भरला आणि माध्यमाचा फक्त १ टक्का. समजा ७० टक्के प्रथिन बाहेर आलंय आणि ३० टक्के आत आहे. जेलवर माध्यमाच्या खणात ०.७ वाटे दिसतील, लायसेटच्या खणात ३. म्हणजे स्राव उत्तम चालू असताना आतला बँड चौपट गडद दिसेल, आणि आपण निष्कर्ष काढू की प्रथिन अडकलंय! दोन्हीकडून एकूण घनफळाचा समान हिस्सा भरा. २ टक्के ठरवलं तर लायसेट ४ मायक्रोलिटर, माध्यम ४० मायक्रोलिटर. माध्यम जेलच्या खाचेत मावत नसेल तर आटवा.

---

आंबेमोहर

आटवण्याबद्दल भर घालतो. १० टक्के सीरम असलेलं माध्यम तसंच आटवू नका. त्यात मिलिलिटरला काही मिलिग्रॅम बोव्हाइन अल्ब्युमिन असतं. ते ६६ किलोडाल्टनच्या आसपास एवढं साचतं की वरखालचे बँड वाकतात, आणि तुमचं प्रथिन ५५ ते ७५ च्या पट्ट्यात असेल तर ते दिसणारच नाही. पेशी साध्या पीबीएसनं (खारट बफर) दोनदा धुवा, सीरमविना माध्यम घाला आणि ६ ते २४ तासांनी गोळा करा.

टीसीए (प्रथिनाचा साका पाडणारं आम्ल) पद्धत अशी: ९०० मायक्रोलिटर माध्यमात १०० टक्के टीसीए १०० मायक्रोलिटर, बर्फावर ३० मिनिटं, सेंट्रिफ्यूजमध्ये १४,००० जीवर १५ मिनिटं ४ अंशांना. माध्यमात प्रथिन फारच विरळ असेल तर आधी ०.०२ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट घाला, नाहीतर साका धरतच नाही. थंडगार अ‍ॅसिटोननं दोनदा धुवा. साका पूर्ण कोरडा पडू देऊ नका, मग तो विरघळत नाही. सॅम्पल बफर घातल्यावर निळ्याचा पिवळा झाला तर आम्ल शिल्लक आहे. १ मोलर ट्रिस, पीएच ८.८, एकेक मायक्रोलिटर घालत निळा रंग परत येईपर्यंत थांबा. पिवळा नमुना तसाच चालवला तर त्या खणातला बँड पसरतो आणि शेजारच्या खणालाही बिघडवतो.

आणि माध्यम गोळा केल्यावर आधी ५०० जीवर ५ मिनिटं, मग वरचं द्रव वेगळं काढून १०,००० जीवर १० मिनिटं. सुटलेल्या पेशी माध्यमात राहिल्या तर त्यांच्या पोटातलं प्रथिनही ‘स्राव’ म्हणून मोजलं जातं.

---

रानजाई

+१. याला जोडूनच: माध्यमाच्या ब्लॉटवर (प्रतिपिंडानं बँड दाखवणारी चाचणी) ट्युब्युलिन किंवा जीएपीडीएच ही पेशीच्या आतली प्रथिनं जरूर बघा. ते दिसलं तर पेशी फुटल्यात. संख्येत हवं असेल तर एलडीएच हे पेशीच्या आतलं एन्झाइम मोजा, एकूण एलडीएचपैकी माध्यमात किती टक्के आलं ते. प्रथिनाचा बाहेर आलेला टक्का आणि एलडीएचचा टक्का सारखाच असेल तर तो स्राव नाही, गळती आहे.

---

कवडसा

उत्तम धागा. एक प्रश्न. समान हिस्सा भरूनही बहुतेक प्रथिन आतच दिसतंय. एचईके २९३ पेशी, माणसाच्या एका ग्राहकाचा (रिसेप्टरचा) बाहेरचा भाग, एन-ग्लायकोसिलेशनच्या (शर्करा जोडली जाण्याच्या) दोन जागा, शेवटी ओळखीचा टॅग म्हणून सहा हिस्टिडीन. ईआर की गॉल्जी, हे ओळखायचं सर्वांत सोपं साधन कोणतं?

---

निवडुंग

एन्डो एच, शर्करा कापणारं एन्झाइम. कारण सांगतो, म्हणजे निकाल वाचताना गोंधळ होणार नाही.

अ‍ॅस्पॅराजीन, मग प्रोलीन सोडून काहीही, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, अशी क्रमवारी दिसली की ईआर तिथे १४ शर्करांचं एक झाड आख्खं बसवतं. त्यात ९ मॅनोज असतात. ईआरमध्ये असेपर्यंत हे झाड मॅनोजनं भरलेलं राहतं आणि एन्डो एच ते कापू शकतं. मधल्या गॉल्जीत मॅनोज छाटले जाऊन वेगळ्या शर्करा जोडल्या गेल्या की एन्डो एच हतबल होतं. पीएनगेझ एफ हे दुसरं एन्झाइम मात्र सस्तन पेशीतली दोन्ही प्रकारची झाडं काढतं. म्हणजे:

एन्डो एचनं बँड खाली सरकला तर प्रथिन मधल्या गॉल्जीपर्यंत पोचलेलं नाही. एन्डो एचनं हलला नाही, पण पीएनगेझ एफनं सरकला तर गॉल्जी पार केलीय. दोन्हींनी हलला नाही तर झाडच बसलेलं नाही, आणि मग बहुधा प्रथिन ईआरमध्ये शिरलेलंच नाही. या तिसऱ्या निकालाकडे लोक दुर्लक्ष करतात, खरं तर तो सर्वांत बोलका आहे.

कृती: २० मायक्रोग्रॅम लायसेट, ०.५ टक्के एसडीएस (घडी उलगडणारा डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून १०० अंशांना १० मिनिटं. थंड झाल्यावर तीन नळ्यांत वाटा. एकीत एन्झाइम नाही, दुसरीत एन्डो एच (पीएच ६ चं बफर), तिसरीत पीएनगेझ एफ (पीएच ७.५). तिसऱ्या नळीत १ टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घालायलाच हवं, एसडीएस पीएनगेझ एफला मारून टाकतं. ३७ अंशांना एक तास. पहिली नळीही तितकाच वेळ ३७ ला ठेवा.

दर झाडामागे २ ते ३ किलोडाल्टनचा फरक धरा. तुमच्याकडे दोन जागा आहेत, म्हणजे ४ ते ६ किलोडाल्टन. ३० ते ६० किलोडाल्टनच्या प्रथिनाला १२ टक्के जेलवर हा फरक स्वच्छ दिसतो. दीडशे किलोडाल्टनच्या प्रथिनावर एकच झाड असेल तर ६ टक्के जेल लांब चालवावं लागतं, नाहीतर काही हललंच नाही असं वाटतं. माध्यमातला नमुनाही सोबत चालवा. तिथला बँड एन्डो एचला दाद देत नसेल तर तो खरोखर रस्त्यानं आलेला माल आहे. एन्डो एचनं सरकणारा बँड माध्यमात दिसला तर मेलेल्या पेशींचा संशय घ्या.

---

पाणकळा

दोन सावधगिऱ्या.

पहिली ब्रेफेल्डिन एबद्दल. स्राव थांबवायला ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली घालतात आणि काही मिनिटांत गॉल्जी कोसळून ईआरमध्ये मिसळते. पण गॉल्जीची एन्झाइमंही तिच्यासोबत ईआरमध्ये येतात! त्यामुळे ब्रेफेल्डिन घातलेल्या पेशींत ईआरमधलं प्रथिनही एन्डो एचला दाद देईनासं होऊ शकतं. ब्रेफेल्डिन आणि एन्डो एच एकाच प्रयोगात वापरलं तर ‘प्रथिन गॉल्जीत पोचलं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ब्रेफेल्डिनचा उपयोग एवढाच: बाहेर येणारं प्रथिन नेहमीच्या रस्त्यानं येतंय की नाही, हे पाहणं.

दुसरी: धाग्यात उदाहरण इन्सुलिनचं आहे, पण इन्सुलिनवर शर्करेचं झाड नसतंच. तिथे एन्डो एच निरुपयोगी. त्याला त्याचीच खूण वापरावी. प्रोइन्सुलिनचं इन्सुलिन झालं म्हणजे माल गॉल्जीपलीकडच्या कणिकेत पोचला. प्रोइन्सुलिन साचतंय आणि इन्सुलिन नाही, तर अडथळा त्याआधी. झाड नसलेल्या इतर प्रथिनांसाठी तापमान वापरता येतं. १५ अंशांवर माल ईआर आणि गॉल्जीच्या मधल्या टप्प्यात थांबतो, २० अंशांवर गॉल्जीच्या शेवटच्या टोकाशी. ३७ ला परत नेलं की तिथून सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली जीएम१३० आणि टीजीएन४६ या गॉल्जीच्या खुणांबरोबर ते पाहता येतं.

इन्सुलिनच्या पेशींबाबत आणखी एक. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत इन्सुलिन आत असणं हा दोष नाही, ती साठवणूक आहे. आयएनएस-१ या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत ‘अडकलं’ म्हणण्याआधी ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड देऊन अर्ध्या तासात किती सुटतं ते बघा. सुटलं तर रस्ता मोकळा आहे.

---

निवडुंग

पाणकळा, ब्रेफेल्डिनचा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता. धन्यवाद.

---

खारवा

ईआरमध्ये अडकण्याचं सर्वांत मोठं कारण डायसल्फाइड बंधांची चुकीची जुळणी. ते तपासायची कृती सोपी आहे, फक्त वेळ पाळायला हवी. पेशी फोडल्याबरोबर मोकळे सल्फहायड्रिल गट एकमेकांशी जुळू लागतात आणि जेलवर खोटी शिडी दिसते. म्हणून फोडायच्या आधीच पेशींवर २० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिइमाइड (मोकळे गट झाकणारं) घातलेलं थंड पीबीएस ओता, बर्फावर ५ ते १० मिनिटं ठेवा, आणि फोडायच्या बफरमध्येही तेवढंच घाला. ते पाण्यात टिकत नाही, दरवेळी ताजं इथेनॉलमध्ये विरघळवा.

मग तोच नमुना डीटीटीसह आणि डीटीटीविना चालवा. दोन्हींच्या मध्ये किमान दोन खण रिकामे सोडा, डीटीटी शेजारच्या खणात झिरपतं. डीटीटीविना जेलच्या वरच्या टोकाला पुंजका किंवा दुप्पट-तिप्पट वजनाचे बँड दिसले आणि डीटीटीनं ते एका बँडमध्ये गोळा झाले, तर रेणू एकमेकांत चुकीचे गुंतलेत.

याचं अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे अकिता उंदीर. त्याच्या इन्सुलिन-२ जनुकात ९६ क्रमांकाच्या सिस्टीनच्या जागी टायरोसीन येतं, ए आणि बी साखळीतला एक बंध जुळत नाही आणि एक सिस्टीन जोडीदाराविना उरतं. असं प्रोइन्सुलिन स्वतः तर अडकतंच, शिवाय चांगल्या प्रतीच्या प्रोइन्सुलिनलाही गुंतवून ठेवतं. चांगल्या प्रती शाबूत असूनही उंदराला मधुमेह होतो तो यामुळे. माणसातही अशाच बदलांनी लहान बाळांत मधुमेह दिसतो.

सगळं अडकणं बंधांमुळे असतं असंही नाही. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या झेड प्रकारात ३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन येतं. त्यात रेणू साखळीसारखे एकात एक अडकून यकृताच्या ईआरमध्ये साचतात. यकृताला इजा होते साचल्यामुळे आणि फुप्फुसाला होते प्रथिन रक्तात न पोचल्यामुळे. एकाच अडथळ्याचे दोन वेगळे आजार.

---

रानजाई

रचनेतल्या चुका प्रयोगाआधीच तपासाव्यात. वारंवार दिसणाऱ्या अशा:

टॅग संकेत-पेप्टाइडच्या आधी लावणं. संकेत अगदी टोकाला हवा. आधी टॅग असेल तर संकेत नीट ओळखला जात नाही, आणि ओळखला गेलाच तर टॅग संकेताबरोबर कापून जातो. मग प्रथिन उत्तम बाहेर येत असूनही प्रतिपिंडाला दिसत नाही. टॅग संकेताच्या कापाच्या जागेनंतर घाला. तिथेही पहिलं अमिनो आम्ल प्रोलीन येऊ देऊ नका, काप बसत नाही. कापाच्या आधीचं पहिलं आणि तिसरं स्थान अ‍ॅलानीनसारख्या छोट्या अमिनो आम्लांचं हवं. प्रीप्रोइन्सुलिनमध्ये २४ व्या अ‍ॅलानीनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल झालं की काप बिघडतो आणि मधुमेह होतो, एवढं ते स्थान नाजूक आहे.

प्रथिनाच्या शेवटी केडीईएल ही चार अमिनो आम्लांची खूण किंवा तिच्याशी मिळतीजुळती चार अक्षरं येणं. ती ईआरच्या रहिवाशांची खूण आहे. गॉल्जीतला ग्राहक ती पकडून प्रथिन परत पाठवतो. क्लोनिंग करताना चुकून असा शेवट तयार झाला नाही ना, ते एकदा वाचून बघा.

पेशीद्रवातलं प्रथिन नुसता संकेत लावून बाहेर काढायला जाणं. पेशीद्रवात कधीच उपयोगात न आलेल्या एन-ग्लायकोसिलेशनच्या जागा ईआरमध्ये जाग्या होतात, आणि तिथल्या वातावरणात मोकळी सिस्टीनं बंध जुळवू लागतात. अशा प्रथिनाचा क्रम हातात घेऊन दोन्ही गोष्टी मोजा.

---

सांजवात

सस्तन पेशी नाही तर यीस्ट असेल तर? पिकिया या यीस्टमध्ये अल्फा फॅक्टर या यीस्टच्या स्रावी प्रथिनाचा संकेत वापरून प्रथिन बाहेर काढायचं आहे, पण मिळतं फार कमी आणि वजनही थोडं जास्त येतं.

---

आंबेमोहर

वजन किती जास्त येतंय? वस्तुमान वर्णपटात नेमकं ४०० डाल्टन जास्त असेल तर उत्तर तिथेच आहे. अल्फा फॅक्टरचा प्रो भाग केक्स२ हे एन्झाइम लायसीन-आर्जिनीननंतर कापतं. त्यापुढे ग्लुटामिक-अ‍ॅलानीन-ग्लुटामिक-अ‍ॅलानीन ही चार अमिनो आम्लं उरतात, ती एसटीई१३ हे दुसरं एन्झाइम काढतं. उत्पादन भरपूर असलं की एसटीई१३ पुरं पडत नाही. ग्लुटामिक १२९, अ‍ॅलानीन ७१, दोन जोड्यांचे ४००. निम्मंच काम झालं असेल तर २००. अनेक जण ही चार अमिनो आम्लं रचनेतूनच काढून टाकतात. मग केक्स२ची कापण्याची ताकद थोडी घटू शकते, म्हणून दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी करून बघावेत. तुमच्या प्रथिनाची सुरुवात प्रोलीननं होत असेल तर केक्स२ तिथे कापणार नाही. अशा वेळी ती चार अमिनो आम्लं ठेवलेलीच बरी.

फरक २०० किंवा ४०० नसेल आणि बँड धुरकट असेल तर यीस्टनं लावलेल्या मॅनोजच्या साखळ्या बघा. एन्डो एच तिथेही चालतं.

उत्पादन कमी असण्याची नेहमीची कारणं: तापमान ३० च्या वर जाणं (३२ ओलांडलं की घसरण फार), हवा कमी पडणं, मिथेनॉल संपणं. फ्लास्कमध्ये २४ तासांनी एकदा ०.५ टक्के मिथेनॉल, १०० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ६, फ्लास्कच्या आकारमानाच्या जास्तीत जास्त पाचव्या-दहाव्या हिश्श्याइतकं द्रव. बफर नसलं तर पीएच झपाट्यानं उतरतो. प्रथिन बाहेर येऊन तुटत असेल तर तुकडे दिसतात. १ टक्का कॅसअमिनो आम्लं घाला, पीएच ३ ते ६ मध्ये दोन-तीन ठिकाणी तपासा, किंवा पेप४ हे प्रथिन तोडणारं एन्झाइम नसलेला वाण घ्या. जनुकाच्या प्रती वाढवणं हा पहिला उपाय नको. निवडुंग म्हणतात तेच यीस्टलाही लागू: काही प्रथिनांत प्रती वाढवल्यावर स्राव उलट घटतो आणि पीडीआय (डायसल्फाइड बंध जुळवणारं एन्झाइम) सोबत व्यक्त केल्यावर सुधारतो.

---

सांजवात

२०० आणि ४०० अशी दोन्ही शिखरं आहेत. म्हणजे एसटीई१३. आभार.

---

कवडसा

एन्डो एच केलं. लायसेटमधला बँड एन्डो एचनं जवळपास ५ किलोडाल्टन खाली आला, पीएनगेझ एफनंही तिथेच. माध्यमातला फिकट बँड एन्डो एचनं हलला नाही. डीटीटीविना जेलवर लायसेटमध्ये दुप्पट वजनाचा बँड आणि वर पुंजका. म्हणजे ईआर आणि बंध, दोन्ही. पण आत असलेलं हळूहळू निघतंय की तसंच पडून आहे, हे किरणोत्सार न वापरता कळेल का?

---

निवडुंग

कळेल. सायक्लोहेक्झिमाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून नवं भाषांतर थांबवा. घालण्याआधी माध्यम बदला, म्हणजे जुना माल मोजला जाणार नाही. ०, १, २ आणि ४ तासांना लायसेट आणि माध्यम दोन्ही घ्या, समान हिस्सा भरा.

लायसेट घटतंय आणि तेवढंच माध्यमात वाढतंय: प्रथिन सावकाश पण नीट निघतंय. लायसेट तसंच राहतंय: पडून आहे. लायसेट घटतंय पण माध्यमात वाढत नाही: पेशी ते आतच मोडतेय. कुठे मोडतेय हे पाहायला एका खाचेत १० मायक्रोमोलर एमजी१३२ (प्रोटिअझोम ही प्रथिन मोडणारी यंत्रणा थांबवणारं) आणि दुसरीत १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन ए१ (लयकारिकेचं, म्हणजे लायसोसोमचं, काम थांबवणारं). एमजी१३२नं लायसेटमधलं प्रथिन टिकलं तर ईआरमधून मागे खेचून प्रोटिअझोममध्ये मोडलं जातंय, बॅफिलोमायसिननं टिकलं तर लयकारिकेत. बॅफिलोमायसिननं गॉल्जीची आम्लताही बिघडते, त्यामुळे त्या खाचेतल्या माध्यमावरून निष्कर्ष काढू नका. एमजी१३२ ४ ते ६ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पेशी आजारी पडतात.

सोबत ईआर ताणाखाली आहे का तेही बघा. एक्सबीपी१ या जनुकाच्या आरएनएतून २६ न्यूक्लिओटाइडं कापली गेली की ताण आहे. आरटी-पीसीआर करून ३ टक्के अगारोझवर दोन बँड वेगळे दिसतात. त्या २६ मध्येच पीएसटी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा असते, म्हणून पीएसटी-वननं न छाटलेली प्रतच कापली जाते आणि वाचन पक्कं होतं. तुलनेला ट्युनिकामायसिन (मुद्दाम ताण देणारं) २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ६ तास. ताण दिसला तर डीएनए वाढवू नका, घटवत न्या: खाचेला २ मायक्रोग्रॅमऐवजी १, ०.५, ०.२५, आणि एकूण मात्रा रिकाम्या प्लाझ्मिडनं कायम ठेवा. कमी डीएनएला माध्यमातलं प्रथिन वाढलं तर कोंडी ईआरमध्येच होती. पेशी २४ तासांनी ३२-३३ अंशांवर नेणं हाही चांगला उपाय.

---

मोहरी

अवांतर वाटेल, पण विचारते. आयएल-१ बीटा या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाला संकेत-पेप्टाइडच नाही, तरी ते बाहेर येतं. तिथे यातलं काय लागू?

---

पाणकळा

अवांतर नाही. त्याचा रस्ताच वेगळा. ३१ किलोडाल्टनचं पूर्वरूप पेशीद्रवात बनतं, कॅस्पेझ-१ त्याचं १७ किलोडाल्टनचं रूप करतं आणि ते गॅसडर्मिन डीनं बाह्यपटलात पाडलेल्या छिद्रांतून निघतं. ईआर नाही, गॉल्जी नाही, त्यामुळे ब्रेफेल्डिननं थांबत नाही आणि शर्कराही लागत नाहीत. एफजीएफ२ हे वाढीचं प्रथिनसुद्धा असंच थेट पटलातून जातं. अशा प्रथिनांसाठी एलडीएच अनिवार्य, कारण त्याच छिद्रांमागोमाग पेशी फुटू शकते. १७ चा बँड माध्यमात आणि ३१ चा आत राहिलाय, हा चांगला निकाल. दोन्ही माध्यमात असतील तर पेशी फुटल्या.

---

खारवा

बाहेर पडूनही माध्यमात न दिसणारी प्रथिनं राहिली. व्हीईजीएफचं १८९ चं रूप, डब्ल्यूएनटी, हेपरिनला चिकटणारे अनेक घटक पेशीच्या पृष्ठावरच्या हेपरन सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांना धरून बसतात. लायसेटमध्ये दिसतात आणि अडकल्यासारखी वाटतात. माध्यमात ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली हेपरिन घालून बघा. लायसेटमधला तो बँड एन्डो एचला दाद देत नसेल तर हा संशय आधी घ्यावा.

कोलॅजन मोजणाऱ्यांसाठी: ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली क जीवनसत्त्व दिल्याशिवाय फायब्रोब्लास्टमध्ये निकाल वाचूच नका. प्रोलीनवर हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या एन्झाइमला ते लागतं. ते नसेल तर तीन पदरी गोफ शरीराच्या तापमानाला टिकत नाही आणि ईआर तो सोडत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते याच कारणानं. साधं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांना लवकर खराब होतं, २-फॉस्फेट रूप वापरा. आणि हा गोफ ३०० नॅनोमीटर लांब, साध्या पुटिकेत मावत नाही. त्याच्यासाठी टँगो१ हे प्रथिन निकासाची वेगळी सोय करतं.

---

रानजाई

कवडसा, तुमच्या प्रथिनाच्या क्रमातली सिस्टीनं मोजलीत का? संख्या विषम आहे का?

---

कवडसा

संकेत सोडून ७. विषम.

---

रानजाई

मग दुप्पट वजनाचा बँड तिथूनच येत असावा. पूर्ण ग्राहकाची त्रिमिती रचना उपलब्ध असेल तर बघा, बहुधा तुकड्याची सीमा एका जोडीच्या मधून गेली असेल आणि जोडीदार सिस्टीन बाहेर राहिलं असेल. कोरोनाच्या लशीतही हेच झालं होतं. अमेरिकेतल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालय आणि टेक्सस चिल्ड्रन्स रुग्णालयाच्या गटानं विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचा ३३१ ते ५४९ हा २१९ अमिनो आम्लांचा भाग पिकियात बनवायला घेतला. त्यात सिस्टीनं ९. आठांच्या चार जोड्या, आणि ५३८ व्या सिस्टीनचा जोडीदार या तुकड्याच्या बाहेर. त्यांनी ५३८ ला अ‍ॅलानीन केलं, रेणू एकमेकांना चिकटणं कमी झालं. यीस्ट जास्तीच्या शर्करा लावत होतं म्हणून ३३१ वं अ‍ॅस्पॅराजीन गाळलं. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीची कॉर्बेव्हॅक्स याच कामावर उभी आहे, डिसेंबर २०२१ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली.

तुमच्याकडे दोन मार्ग. एकटं सिस्टीन घडीच्या गाभ्यात नसेल तर त्याचं सेरीन किंवा अ‍ॅलानीन करा. गाभ्यात असेल तर त्याला हात न लावता सीमा पुढे सरकवून जोडीदाराला आत घ्या, आणि नवी सीमा एखाद्या सैल वेटोळ्यात येईल अशी निवडा, बीटा पट्टीच्या मधोमध नको. दोन्ही रचना एकाच वेळी मागवा, दोन्हींना ०.५ मायक्रोग्रॅम डीएनए, आणि डीटीटीविना जेल आधी चालवा.

---

कवडसा

रचना पाहिली. जोडीदार सीमेपुढे ११ अमिनो आम्लांवर आहे, आणि त्यानंतर वेटोळं सुरू होतं. सीमा १८ नं पुढे नेतो आणि सेरीनची रचनाही सोबत मागवतो. सहा हिस्टिडीन वेटोळ्यानंतर.

---

रानजाई

बरोबर. वेटोळ्यात नवी एन-ग्लायकोसिलेशनची जागा तयार होत नाही ना, तेवढं मागवण्याआधी वाचून घ्या.